साहेब आले नव्हते, तर फोटोत कसे येतील?

ताई,

मी कोल्हापुरात एका शासकीय कार्यालयात छायाचित्रकार आहे. परीक्षा देऊन कायम पदावर लागले, त्याला तीन वर्षं झाली. बाबांचा मंगळवार पेठेत स्टुडिओ आहे, कॅमेरा हातात आला तो तिथेच. नोकरी लागली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. आता मात्र रोज तेच ते. भूमिपूजन, फीत, पुष्पगुच्छ, व्यासपीठावरची रांग, आढावा बैठकीतलं लांबलचक टेबल. फोटो पेपरात येतात, खाली माझं नाव कधीच नसतं.

यंदा पावसाळ्यात शिरोळ तालुक्यातल्या एका निवारा केंद्रात ब्लँकेट वाटप होतं. पाहुणे उशिरा पोचले, तोवर वाटप होऊन गेलेलं. मग काही बायकांकडून ब्लँकेट परत घेतली आणि पाहुण्यांच्या हस्ते पुन्हा दिली. मी फोटो काढले, पण मान वर करून त्या बायकांकडे बघवेना. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कार्यक्रमाला एक पदाधिकारी आलेच नव्हते. वरून निरोप आला, "जुन्या फोटोतून त्यांना उचल आणि रांगेत बसव." मी "आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ते होत नाही" असं सांगून वेळ मारून नेली. पुढच्या वेळी काय सांगू?

भाऊ म्हणतो, सोड ती नोकरी, लग्नसराईत याच्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतील. नाहीतर सुट्टीच्या दिवशी स्टुडिओची कामं कर, कोणाला कळतंय. पुरात पहाटे जाऊन काढलेले माझे फोटो हार्डडिस्कवर तसेच पडून आहेत, ते कोणी मागितलेही नाहीत. राहू की सोडू?

– एक छायाचित्रकार, कोल्हापूर

*

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी बरं वाटलं ते या गोष्टीचं, की त्या बायकांकडे तुला बघवेना. ज्या दिवशी ते सहज बघवेल, त्या दिवशी मात्र नोकरी नक्की सोड. मी शासकीय प्रसिद्धीच्या कामात बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. बातमी करायची, आलेल्या फोटोंतून निवडायचे, फोटोओळी लिहायच्या. त्यामुळे तू जिथे उभी आहेस ती जागा मला समोरून माहीत आहे.

तू राहू की सोडू हे शेवटी विचारलंस, पण त्याचं उत्तर मधल्या प्रश्नात आहे. म्हणून आधी तोच घेते.

फोटोसाठी थोडं थांबवणं, "साहेब, एकदा इकडे बघा" म्हणणं, हस्तांदोलन दोन सेकंद धरून ठेवायला लावणं, हे या कामात चालतं. त्याने कोणाची फसवणूक होत नाही. प्रमाणपत्र खरंच दिलं जातंय, देणारा-घेणारा खरा आहे. उजेड सुधारणं, वाकडं क्षितिज सरळ करणं, कडेची खुर्ची कापणं, हेही चालतं. पण ज्या बाईला ब्लँकेट मिळालं, तिच्या हातातून ते काढून घेऊन पुन्हा तिलाच देणं हा तिचा अपमान आहे. घर पाण्यात गेलेल्या माणसाला आपण त्या वेळी आभाराचा अभिनय करायला लावतो. आणि जो माणूस आलाच नाही त्याला रांगेत बसवणं म्हणजे सरळ सरळ खोटा दस्तऐवज तयार करणं. तू सरकारी नोकर आहेस. तुझा फोटो हा सरकारी अभिलेख आहे, आणि अभिलेखात फेरफार हा गमतीचा विषय नाही.

याचं उदाहरण लांब शोधायला नको. 2015 च्या डिसेंबरमध्ये चेन्नई पुरात बुडाली होती. पंतप्रधान हवाई पाहणी करतायत असा एक फोटो केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने प्रसिद्ध केला. खिडकीत दिसणारं दृश्य दुसऱ्या फोटोतून आणून जोडलेलं होतं. लोकांनी ते थोड्याच वेळात ओळखलं, आणि तो फोटो काढून टाकावा लागला. पाहणी खरी झाली होती, बरं का. जोडकाम केलं नसतं तरी काही बिघडत नव्हतं. पण त्या दिवशी चर्चा पुराची व्हायची ती फोटोची झाली. हे तुझ्या वरिष्ठांना सांगण्यासारखं आहे, कारण यात त्यांच्या भल्याची गोष्ट आहे.

म्हणून पुढच्या वेळी सॉफ्टवेअरवर ढकलू नकोस. सॉफ्टवेअर काय, उद्या कोणीतरी मोबाइलवर अर्ध्या मिनिटात करून दाखवेल आणि तू खोटी ठरशील. शांतपणे खरं कारण सांग: "साहेब, मूळ फाइल कार्यालयात जमा आहे. माहिती अधिकारात उद्या कोणी फोटो मागितला तर मूळ आणि बदललेला, दोन्ही समोर येतील. अडचण आपल्याला होईल." आणि नुसता नकार देऊन उभी राहू नकोस, हातात दुसरा उपाय ठेव. पदाधिकाऱ्यांचा शुभेच्छा संदेश बातमीत घालता येतो. त्यांची प्रत्यक्ष भेट दुसऱ्या दिवशी ठरवता येते, मी येते फोटोला, असं म्हण. दहातल्या नऊ वेळा वरिष्ठांना वाद नको असतो, वाट हवी असते. दहाव्या वेळी आग्रह झालाच तर तेवढंच म्हण, "लेखी सूचना द्या, मी टिपणीवर घेते." तोंडी सांगणं सोपं असतं; तेच कागदावर सहीनिशी द्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

ब्लँकेटच्या प्रसंगाचा इलाज वाटपाच्या वेळी होत नाही, तो आदल्या दिवशी होतो. नियोजनाच्या बैठकीत छायाचित्रकाराला कोणी बोलवत नाही, तू आपणहून जाऊन बस. पाहुणे उशिरा येणार हे आपल्याकडे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. तेव्हाच सांग की पाच-सात कुटुंबांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर त्यांचं वाटप पाहुण्यांसाठी मागे ठेवू या. बाकीच्यांना लगेच देऊन टाकू. कोणाचं काही परत घ्यायची वेळच येणार नाही. आणि निवारा केंद्रात शिरताना एवढं पाळ: झोपलेली बाई, अंगावर पाजणारी आई, वाळत घातलेले कपडे, यांवर विचारल्याशिवाय कॅमेरा धरायचा नाही. पंगत ही फोटोची आवडती जागा असते, पण घास तोंडाशी नेणाऱ्या माणसाला लेन्स किती जवळ वाटते ते एकदा स्वतः बसून बघ.

जाता जाता एक कायद्याची गोष्ट, कारण ती चुकली तर निस्तरता येत नाही. बालगृहात खाऊवाटपाला पाहुणे जातात आणि मुलांसकट फोटो मागतात. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध करता येत नाही. चेहरे टाळूनच फोटो काढ. मागून घे, हातांचे घे, खोलीचे घे. नंतर चेहरा धूसर करू म्हणून ठेवलास, तर मूळ फोटो कोणाच्या व्हॉट्सॲपवर आधी पोचेल ते तुझ्या हातात राहत नाही.

आता फीत आणि पुष्पगुच्छ. कंटाळा येतो हे खरं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण होमाई व्यारावाला यांचं काम एकदा या नजरेने बघ. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना आपण ओळखतो, 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं. 1942 पासून त्या दिल्लीत ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसच्या नोकरीत होत्या, म्हणजे तुझ्यासारख्याच सरकारी खात्याच्या पगारी छायाचित्रकार. मेजवान्या, स्वागत समारंभ, परदेशी पाहुणे, सलामी. त्यांच्या कामातला मोठा भाग हाच. पण 1947 च्या ऑगस्टमध्ये लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, विमानतळावर बहिणीला मिठी मारणारे नेहरू, हे आपल्याला त्यांच्या कॅमेऱ्यातून मिळालं. समारंभ टाळून त्या मोठ्या झाल्या नाहीत. समारंभाच्या आधी आणि नंतर त्या बघत राहिल्या. तुला आत जायचा पास आहे; पेपरच्या फोटोग्राफरला अनेकदा दारातच थांबवून ठेवतात. फीत कापायचा फोटो झाला की सगळे पांगतात. तू पंधरा मिनिटं थांब. नवीन आरोग्य केंद्रात पहिला पेशंट येतो तो फोटो घे, ज्या गवंड्यांनी भिंत बांधली त्यांचा घे, उद्घाटनाला शाळेच्या पोरी उन्हात किती वेळ उभ्या होत्या तोही घे. छापून येणार नाहीत, मला माहीत आहे. तरी घे.

का घे, ते सांगते. मी टेबलावर होते तेव्हा सर्वांत जास्त वेळ कशात गेला असेल तर जुने फोटो शोधण्यात. कुठल्यातरी धरणाला, पुलाला, संस्थेला पन्नास वर्षं होतात आणि अचानक फोटो हवा असतो. कपाटातून पाकिटं निघत. व्यासपीठावरचे हार घातलेले दहा जण प्रत्येक पाकिटात, आणि मागे काहीही लिहिलेलं नाही. कोण, कुठलं गाव, कुठलं साल? ओळखणारी माणसं निवृत्त झालेली किंवा गेलेली. पुलाचा, पुलावर काम करणाऱ्यांचा फोटो तर नाहीच. असे गठ्ठेच्या गठ्ठे माझ्या डोळ्यांसमोर निर्लेखित झाले, म्हणजे नोंदीतून काढून टाकले गेले, कारण ज्या फोटोची ओळख पटत नाही तो सरकारी कपाटात रद्दी असतो. याचा मला आजही राग येतो.

फोटोओळीची किंमत फार मोठ्या छायाचित्रकारांनाही मोजावी लागली आहे. 1930 च्या दशकातल्या मंदीत अमेरिकन सरकारने शेतकरी आणि शेतमजुरांची हालत टिपायला पगारी छायाचित्रकार नेमले होते, रॉय स्ट्रायकर त्यांचे प्रमुख. त्यातल्या डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर मुलं अंगाला बिलगलेल्या एका आईचा फोटो काढला. सरकारी छायाचित्रकाराने काढलेला जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध फोटो तोच असावा. पण लँगबाईंनी तिचं नाव लिहून घेतलं नव्हतं. ती बाई कोण हे जगाला 1978 मध्ये कळलं, आणि आपला चेहरा सगळीकडे झळकला, आपल्याला काहीच मिळालं नाही, हे तिचं दुःख होतं. त्याच फोटोच्या कडेला तंबूच्या खांबावर एक अंगठा दिसत होता, तो पुढे निगेटिव्हमधून पुसून टाकला. तेवढासा बदलही स्ट्रायकरना पटला नाही. आणि हेच स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना भोकं पाडून बाद करत असत. आज ती भोकं पडलेली चित्रं बघताना हळहळ वाटते. म्हणून तुला सांगते, नाव लिही, मूळ फाइलला हात लावू नकोस, आणि आज नको वाटलेला फोटो डिलीट करू नकोस.

आता तुझ्या त्या हार्डडिस्ककडे येते. पत्रात तू त्याबद्दल एक वाक्य लिहिलंस, माझ्या मते तुझ्या तीन वर्षांतलं सर्वांत मोठं काम तिथे आहे. कोल्हापुरात जुलै लागला की सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न असतो, "पाणी किती फुटांवर?" पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे आपल्या शाळकरी पोरांना पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, चिखली आणि आंबेवाडीची माणसं बोटीतून काढावी लागली, महामार्ग बंद पडला. दोनच वर्षांत, 2021 ला, पुन्हा महापूर. त्या काळातले फोटो हजारोंनी आहेत, प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. पण कुठल्या ठिकाणी, कुठल्या तारखेला, किती वाजता, पाणी कुठवर होतं, हे खात्रीने सांगणारे किती? नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, म्हणजे 25 वर्षांतून आणि 100 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द. ती आकडेमोडीने ठरते, पण घर रेषेच्या आत की बाहेर यावरून माणसं भांडतात तेव्हा भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा तारीखवार फोटो बोलतो. पंचनाम्यातही बोलतो.

तेव्हा ते फोटो पडून आहेत असं म्हणू नकोस. पुढच्या पावसाळ्यासाठी चार-पाच जागा कायमच्या ठरव. पंचगंगा घाट, राजाराम बंधारा, सुतारवाडा (कारण शहरात पाणी आधी तिथे शिरतं), व्हीनस कॉर्नर, आणि शिरोळकडची एखादी, नृसिंहवाडी किंवा कुरुंदवाड. प्रत्येक ठिकाणी उभं राहायची जागा तीच, लेन्स तीच, चौकटीत न हलणारी एक खूण: खांब, पायरी, दुकानाचा उंबरा. पाणी 39 ला, 43 ला, सर्वांत वर असताना आणि ओसरल्यावर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर किती तासांनी कुठे काय दिसलं, तेही लिही. अशी मालिका आपत्ती व्यवस्थापन कक्षाला, पाटबंधारे खात्याला, विद्यापीठातल्या अभ्यासकांना हवीच असते. ती शासकीय छायाचित्रकाराइतकी सलग दुसरं कोणीच करू शकत नाही, कारण पेपरवाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बातमीवर जातो.

कामाच्या सवयी तुला माहीत असतील, तरी लिहिते. कॅमेऱ्याचं घड्याळ दर सोमवारी जुळव. फोटोओळ त्याच रात्री लिही: डावीकडून कोण, गाव, तालुका, तारीख, काय चाललंय, आणि ती फाइलच्या आत, मेटाडेटात (फोटोसोबतच साठणाऱ्या माहितीत) भर, नुसती वेगळ्या वर्डच्या कागदावर नको. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलास की तो आक्रसतो आणि आतली माहितीही गळते, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठव. प्रती दोन ठिकाणी, त्यातली एक कार्यालयाबाहेर. फोटो कधी कोर्टात पुरावा म्हणून गेलाच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, द्यावं लागतं. तेव्हा मूळ फाइल न बदललेली असणं हेच तुझं बळ.

नावाबद्दल. तुझं दुखणं रास्त आहे. कॉपीराइट अधिनियम 1957 प्रमाणे नोकरीत काढलेल्या फोटोचा मालक शासन, तसा वेगळा करार नसेल तर. तो हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे ते फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर परस्पर टाकायचे नाहीत, विकायचे तर नाहीतच. पण फोटो तू काढलास हे सांगायचा हक्क वेगळा आहे. कलम 57 मध्ये तो कर्त्याकडेच राहतो, मालकी दुसऱ्याची असली तरी. तेव्हा "छाया:" पुढे नाव छापा अशी विनंती करणं म्हणजे हट्ट नव्हे. पेपर नाव छापतील न छापतील. निदान तुमच्या कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकात आणि मेटाडेटात ते जाऊ दे.

भावाचं दुसरं म्हणणं मात्र ऐकू नकोस. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 नुसार शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खाजगी धंदा करता येत नाही. तू रविवारी लग्न शूट केलंस आणि पावती बाबांच्या स्टुडिओच्या नावाने फाडलीस, तरी काम तुझंच. कोल्हापूर केवढं आहे? ज्या लग्नात तू कॅमेरा घेऊन उभी असशील त्याच पंगतीला तुझ्या कार्यालयातले निम्मे लोक जेवायला बसलेले असतील. कार्यालयाचा कॅमेरा तर लग्नात चुकूनही नको, तो जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे कार्यालयाच्या मालमत्तेच्या वहीत चढलेला आहे. घरात स्टुडिओचा व्यवसाय आहे हे तू कार्यालयाला लेखी कळवलं आहेस का? नियमांच्या अर्थाने कुटुंबात मोडणाऱ्या कोणाचा धंदा असेल तर ते कळवावं लागतं; वडील त्यात येतात की नाही अशी शंका असली तरी कळवलेलं बरं. नसेल कळवलं तर या आठवड्यात कळव. स्वतःच्या कॅमेऱ्याने, रजेच्या दिवशी, हौसेने काढलेले फोटो प्रदर्शनाला किंवा स्पर्धेला द्यायचे असतील तर तेही विचारून दे. रीतसर विचारलं तर परवानगी सहसा अडत नाही.

भावाचं पहिलं म्हणणं मात्र खोटं नाही. लग्नाच्या कामात पैसा आहे, नाव आहे, नवरी-नवऱ्याचे आईबाप हात धरून आभार मानतात. बाबांचा स्टुडिओ पुढे न्यायची ओढ तुझ्या मनात असेल तर राजीनामा देऊन उजळ माथ्याने ते काम कर, त्यात कमीपणा काहीच नाही. पण मला तुझ्या पत्रात लग्नाच्या फोटोची ओढ कुठेच दिसली नाही. पहाटे नदीवर जायची दिसली. म्हणून माझं मत सरळ सांगते: आत्ता सोडू नकोस. येता पावसाळा या कामात काढ, मी लिहिलं तसं. त्या काळात नसलेला माणूस फोटोत बसवायचा दबाव पुन्हा पुन्हा आला, लेखी मागूनही थांबला नाही, तर बदली माग. बदली मिळाली नाही, तर सोड. पगारासाठी आयुष्यभर खोटे फोटो करणं तुला झेपणार नाही, आणि झेपावं असं मला वाटतही नाही.

सोमवारी एक टिपणी टाक. भाषा अशी ठेव: "पूरस्थितीच्या छायाचित्रांचा तारीखवार व स्थळवार संग्रह कार्यालयात जतन करणे आवश्यक आहे. सोबत उपलब्ध छायाचित्रांची यादी जोडली आहे. पुढील पावसाळ्यात निश्चित केलेल्या ठिकाणी नियमित छायाचित्रण करण्यास, त्यासाठी वाहन उपलब्ध करून देण्यास व संग्रहासाठी स्वतंत्र हार्डडिस्क खरेदी करण्यास मान्यता मिळावी." यादी खरंच जोड, कारण यादीशिवाय टिपणी वर सरकत नाही. वाहन नाकारतील, हार्डडिस्कला मान्यता मिळेल. तेवढ्यावर सुरुवात होते.

तुझी,
ताई